सही इंजिनियराची, पावणी कंत्राटदाराची, मग अग्रशाळा कोणाची?

फोंडा महालातल्या एका देवस्थानची अग्रशाळा, म्हणजे भाविकांना उतरायची जागा. दुमजली, लांबट, अंगणाच्या बाजूला अकरा कमानींची पडवी, वर मंगळुरी कौलं, कमानींच्या डोक्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चुन्यात ओढलेलं कॉर्निस, म्हणजे भिंतीबाहेर आलेली वळणदार पट्टी. तळमजल्याचा गिलावा फुगलेला, पश्चिमेकडची दोन दालनं गळकी. समितीपुढे दुरुस्तीचा प्रस्ताव होता आणि त्यात एक ओळ होती: इमारत पोर्तुगीज इंजिनियराने बांधली. या ओळीच्या जोरावर वारसा म्हणून निधी मागायचा होता. याच ओळीमुळे काही महाजन, म्हणजे देवस्थानचे हक्कदार सभासद, विरोधात होते. पोर्तुगिजाचं काम देवळाच्या आवारात खर्च करून कशाला राखायचं, असा त्यांचा सवाल. या भांडणापायी एका वास्तु-इतिहासकार बाईंना बोलावलं गेलं.

प्रकरण बेतलेलं आहे. इमारत, हिशेब आणि माणसं अशा प्रकारच्या कामांतून जुळवलेली आहेत, त्यामुळे गाव ओळखायच्या फंदात कोणी पडू नये. साधनं, खुणा आणि चकवे मात्र गोव्यात हे काम करणाऱ्याला नेहमी भेटतात तेच आहेत.

गोव्यात इमारतीमागे नाव राहतं ते बहुधा पैसे देणाऱ्याचं. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा शके १५९० चा, म्हणजे १६६८ चा शिलालेख शिवाजी महाराजांची आज्ञा सांगतो. दगड कोणी रचला ते सांगत नाही. कवळ्याच्या शांतादुर्गेच्या देवळाशी शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांचं नाव जोडलेलं आहे, गवंड्याचं नाही. जुन्या गोव्यात थोडी वेगळी तऱ्हा दिसते. व्हाइसरॉयच्या कमानीशी जुलिओ सिमांव या राज्याच्या मुख्य इंजिनियराचं नाव येतं, आणि १५९४ ते १६०५ या काळात झालेल्या बॉं जेजूश चर्चच्या बाबतीत दोमिंगुश फेर्नांदिश या जेझुइटाचं. तळावलीची सांतान इगर्जी, म्हणजे चर्च, १६८१ साली सुरू करणारे पाद्री फ्रांसिश्कु दु रेगु गोंयकार होते. पार दुसऱ्या टोकाला कला अकादमी. ती चार्ल्स कोरियांची, हे पणजीत शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

या दोन टोकांच्या मधला काळ जवळजवळ निनावी. कारण सरळ आहे. १८१७ ला सुरू झालेली लष्करी अकादमी, पुढची गणित व लष्करी शाळा, १८७१ मध्ये बंद पडली. वास्तुकलेचं कॉलेज गोव्यात आलं ते १९८२ मध्ये. मधल्या शंभराहून अधिक वर्षांत घरं, देवळांचे सभामंडप, अग्रशाळा, बाजार, शाळा बांधल्या गेल्याच. त्या आखणाऱ्यांच्या नावापुढे ‘आर्किटेक्ट’ ही पदवी नव्हती एवढंच. १९५१ मध्ये मारिउ तावारिश शिको यांचं पथक पोर्तुगालहून वास्तूंची पाहणी करायला आलं, पण त्याची नजर मुख्यतः चर्चांवर होती. पुढे पाउलु व्हारेला गोमिश (१९५२–२०१६) यांनी ही चर्चंसुद्धा युरोपची नक्कल नसून गोंयकारांनी स्वतः घडवलेली वास्तुकला आहे, अशी ठाम मांडणी केली. ती मान्य केली की पुढचा प्रश्न टाळता येत नाही: कोणत्या गोंयकारांनी?

पाच खाने

बाईंची पद्धत साधी, आणि कंटाळवाणी वाटावी इतकी चिवट. प्रत्येक इमारतीला एक कार्ड, कार्डावर पाच खाने: पैसे कोणी दिले, मंजुरी कोणी दिली, कागदावर कोणी काढलं, काम कोणी घेतलं, जागेवर उभं राहून कोणी ठरवलं. पाचही खाने एकाच नावानं भरले तर आपण काहीतरी चुकलो असं समजायचं. कार्ड आजही कागदी आहेत. संगणकावरची यादी त्यावरून केलेली, कारण दप्तराच्या खोलीत बरेचदा वीजही नसते. अशी शेकड्यांनी कार्डं जमली तरच एखादं नाव दुसऱ्यांदा समोर येतं, आणि ते दुसऱ्यांदा येईपर्यंत पहिल्याला काही किंमत नसते. म्हणून या विषयात उमेदीची सुरुवातीची वर्षं निष्फळ दिसतात. पोट चालतं ते दुरुस्ती-सर्वेक्षणांवर. कर्त्याचा शोध त्याच कामाच्या पोटात लपवून करावा लागतो, कारण त्या शोधाचं बिल कोणी देत नाही.

पहिलं पाऊल इमारतीकडे न जाता त्या ओळीकडे. ‘पोर्तुगीज इंजिनियर’ आला कुठून? प्रस्तावात ती ओळ एका जुन्या स्मरणिकेतून आली होती, स्मरणिकेत एका वयस्क महाजनांच्या आठवणीतून, आणि त्या आठवणीच्या मुळाशी होता देवस्थानच्या कपाटातला एक नकाशा. कापडावर चढवलेला, कडा वाळवीनं खाल्लेल्या. त्यावर ओब्रस पुब्लिकस, म्हणजे सरकारी बांधकाम खात्यातल्या इंजिनियराची ठसठशीत सही.

अशा नकाशाचा खालचा उजवा कोपरा आधी वाचायचा. तिथे चौकटीत आखणी कोणाची, रेखाटन कोणाचं, नक्कल कोणी उतरवली आणि तपासून कोणी पाहिलं, असे वेगळे रकाने असतात. इथे सही होती ती ‘व्हिस्तु’च्या पुढे, म्हणजे कागद नजरेखालून घातल्याची. नक्कल उतरवणाऱ्याची आद्याक्षरं होती. आखणीचा रकाना कोरा. इंजिनियर मंजुरीच्या खान्यात गेला. त्याने फोंड्याला पाऊल ठेवलं होतं की नाही, हेही या कागदावरून कळत नाही.

फूट की मीटर

मग मोजमाप. टेप, लेसर, ओळंबा, आणि दोन दिवसांच्या कामात सर्वांत उपयोगी पडलेला तो आकडा: कमानींच्या खांबांचं मध्य-ते-मध्य अंतर. नकाशात ते २.५० मीटर आहे. जागेवर अकराही गाळ्यांची सरासरी २.४४. फरक एका गाळ्यात सहा सेंटिमीटरचा, म्हणजे गवंड्याच्या चुकीत खपून जाणारा. पण अकरा गाळ्यांची पडवी नकाशाप्रमाणे २७.५० मीटर व्हायला हवी, ती आहे २६.८२. अडुसष्ट सेंटिमीटर चुकून जात नाहीत. आठ फूट म्हणजे २.४३८ मीटर, अकरा गाळे आठ-आठ फुटांचे धरले की हिशेब जुळतो. दाराची भोकं १.०७ मीटर, साडेतीन फूट. खोल्यांची रुंदी ३.६६, बारा फूट.

सरकारी नकाशा मीटरमध्ये, इमारत फुटांत. म्हणजे जागेवर दोरी धरणारा माणूस फूटपट्टीवर शिकलेला होता, आणि नकाशा हातात असूनही त्याने स्वतःची मांडणी केली. फूट-इंच गोव्यात मुंबई-बेळगावकडून कामाच्या वाटेनं येत.

इथे फसायला होतं ते उंचीत. जांभ्याचा चिरा साधारण चौदा इंच लांब, नऊ रुंद, सात उंच. थर सात इंचांचे असल्यामुळे कोणीही बांधली तरी भिंत इंचांच्या पटीत चढते. त्यावरून बांधणाऱ्याचं माप ठरवणं व्यर्थ. आडवी मापंसुद्धा गिलाव्याच्या कडेपासून घेतली की दोन्ही बाजूंचे मिळून तीन-चार सेंटिमीटर खोटे पडतात. म्हणून मध्य-ते-मध्य, आणि शक्य तिथे गिलावा गळलेल्या जागी.

कमानींतून आणखी एक गोष्ट निघाली. एकाआड एक कमान सेंटिमीटरभर जास्त उंच आहे. म्हणजे आधाराचे लाकडी फर्मे दोनच होते आणि ते आळीपाळीनं पुढे सरकवले गेले. पश्चिमेकडच्या शेवटच्या दोन कमानी मात्र या क्रमात बसत नाहीत. त्यांचा वळसा वेगळा, कॉर्निसही तिथे किंचित जाड. तो भाग नंतरचा असावा अशी नोंद करून बाई पुढे गेल्या. ज्याचं उत्तर आज नाही त्यावर आठवडा घालवू नये, हा या धंद्यातला शहाणपणा फार उशिरा येतो.

छप्पर खोटं बोलू शकतं

कौलांवरचे शिक्के तारखेसाठी सोयीचे असतात. बासेल मिशनचा पहिला कौल-कारखाना मंगळूरला १८६५ मध्ये निघाला. पहिल्या महायुद्धात मिशनची मालमत्ता जप्त होऊन पुढे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. शिक्का कोणता, यावरून कौल १९२० च्या अलीकडचं की पलीकडचं याचा अंदाज येतो. अग्रशाळेवर कॉमनवेल्थचा शिक्का. पण कौलं बदलली जातात, वादळात उडतात, शेजारच्या पडक्या घरावरून येतात. म्हणून शिक्क्याइतकंच लक्ष वाशांकडे द्यायचं. मंगळुरी कौलांच्या रिपा सुमारे ३२ सेंटिमीटरवर ठोकतात. वाशांवर याहून वेगळ्या अंतरावर जुन्या खिळ्यांची भोकं असतील तर आधी वर नळ्याची कौलं होती असं समजावं. इथे पूर्वेकडच्या नऊ गाळ्यांत एकच ओळ भोकांची. छप्पर पहिल्यापासून मंगळुरी.

मोठ्या दालनात एक लोखंडी तुळई आहे. रंग खरवडल्यावर टाटांच्या कारखान्याचा ठसा निघाला. जमशेदपूरला पोलाद निघू लागलं ते १९१२ पासून. गिलाव्यावर अ‍ॅसिडचा थेंब टाकून ‘फसफसलं, म्हणजे चुना’ म्हणणारे बरेच भेटतात. जुना सिमेंटही हवेतला कार्बन वायू शोषून फसफसतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन अर्धवट भाजलेल्या शिंपल्यांचे पांढरे तुकडे शोधणं जास्त भरवशाचं, कारण इथला चुना शिंपले भाजूनच होई. ते तुकडे सगळीकडे सापडले. पश्चिमेच्या दोन गाळ्यांत नाही.

एवढ्यावर तारखेचा अंदाज मिळाला: बहुधा १९२० च्या नंतरची. नाव अजून नाही.

दप्तर

गोव्यातल्या देवस्थानांचा एक फायदा बाहेरच्या संशोधकांच्या ध्यानात येत नाही. १८८६ च्या माझनींच्या, म्हणजे महाजनांच्या संस्थांच्या, नियमावलीनंतर, आणि १९३३ च्या सुधारित नियमावलीनंतर अधिकच, महाजनांना सरकारी प्रशासकापुढे अंदाजपत्रक ठेवावं लागे, ठराव लिहावे लागत, हिशेब द्यावे लागत. त्यामुळे मोठ्या कामाची कागदपत्रं दोन ठिकाणी असण्याची शक्यता असते: सरकारकडे पोर्तुगीजमधली, देवस्थानकडे मराठीतली किर्द आणि खतावणी. पहिली नीट बांधलेली म्हणून सगळे तीच वाचतात. कर्ता सापडतो दुसरीत.

पोर्तुगीज ठरावात एक नाव होतं आणि क्षणभर तेच उत्तर वाटलं. कामाची पावणी, म्हणजे लिलाव, झाली होती. सर्वांत कमी बोलीवर एका गृहस्थाने काम घेतलं. पण किर्दीत हाच गृहस्थ जत्रेच्या केळ्यांची आणि कुळागराच्या नारळांचीही पावणी घेताना दिसतो. पैसा अडकवणारा, हमी देणारा माणूस. चौथा खाना भरला.

पाचवा मिळाला मोडीतल्या मजुरीच्या पानांवर. गवंड्यांच्या रांगेत एकाला इतरांच्या दीडपट रोज. त्याच्या नावावर आणखी बारीक खर्च: फर्म्याचं लाकूड, पत्र्याचा तुकडा, ‘मोड दाखविणे’ म्हणून दोन दिवस, आणि नकाशा आल्यानंतर फोंड्याहून पणजीला जाण्याचं भाडं. हजेरीच्या पानावर राबणाऱ्याला कोणी पणजीला पाठवत नाही. नकाशात फेरफार करायला विचारलं गेलं असावं, आणि आठ फुटांचे गाळे तिथेच ठरले असावेत. ‘असावं’ हा शब्द कार्डावरही तसाच लिहिला आहे.

मोडी हिशेब वाचताना दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. एक, चलन. १९५८ पर्यंत रुपीया आणि सोळा तांगांचा हिशेब. लिहिणारा मात्र पाव, अर्धा, पाऊण यांच्या जुन्याच उभ्या रेघा मारतो. रेघ पुसट झाली की पाऊण रुपीयाचा अर्धा होतो आणि मेस्ताचा, म्हणजे मुख्य गवंड्याचा, दीडपट रोज इतरांएवढा दिसतो. एका पानावर भरवसा ठेवू नये. आठवड्याच्या बेरजेवरून उलटं तपासावं. दोन, शक. अठ्ठ्याहत्तर मिळवा, असं सगळे सांगतात. शके १८४८ च्या माघातली नोंद अठ्ठ्याहत्तर मिळवून १९२६ होते, प्रत्यक्षात तो महिना १९२७ मधला. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत एकोणऐंशी मिळवायचे. नकाशाची मंजुरी आणि पाया यांचा क्रम या एका वर्षात उलटा होऊ शकतो, आणि मग नकाशाआधीच बांधकाम झालं असा सनसनाटी निष्कर्ष छापून येतो.

एकच नाव, दोन माणसं

किर्दीत नाव होतं ते नुसतं पाळण्यातलं, पुढे ‘मेस्त’ आणि गाव. बाईंच्या कार्डांत हेच नाव, हेच गाव आणखी तीन ठिकाणी होतं: एका देवळाचा नगारखाना, एक घर, आणि दुसऱ्या देवस्थानचा सभामंडप. मोह इथे होतो. चार कामं, एक कर्ता, लेख तयार. पण त्यातल्या नगारखान्याची नोंद जवळजवळ चाळीस वर्षं आधीची. इथे नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. बापाचं नाव सापडेपर्यंत चारही कार्डं वेगळी ठेवली गेली.

बापाचं नाव पोर्तुगीज कागदांतून मिळतं, पण तिथे लिपीचा घोळ. प्रभू ‘पोरोबो’ होतो, शेणवी ‘सिनाय’, श साठी ‘एक्स’, क साठी कधी ‘सी’ कधी ‘क्यू’. त्यात १९११ च्या पोर्तुगीज शुद्धलेखन सुधारणेनंतर तेच नाव वेगळ्या अक्षरांत. अनुक्रमणिकेत एकाच घराण्याची माणसं तीन अक्षरांखाली विखुरतात. आधी उच्चार बोलून बघायचा, मग शक्य तेवढ्या स्पेलिंगांची यादी करायची, मग अनुक्रमणिका उघडायची; उलट क्रमानं केलं तर ‘नोंद नाही’ एवढंच हाती लागतं. जन्म आणि जमिनीच्या नोंदींतून आजोबा-नातू वेगळे झाले. नगारखाना आजोबाचा, उरलेली तीन कामं नातवाची.

घराण्याकडे बाई शेवटी गेल्या, आणि हा क्रम मुद्दाम होता. कागद आधी वाचलेला असला की प्रश्न मोकळे विचारता येतात. ‘अग्रशाळा तुमच्या आजोबांनी बांधली ना?’ असं विचारलं की उत्तर होच येतं. कोण नाही म्हणेल? त्यांनी कोंकणीत एवढंच विचारलं, ‘आजो खंय खंय कामाक वतालो?’ मेस्ताच्या वयस्क नातवानं सहा गावं सांगितली. त्यांत हे देवस्थान दुसरं होतं. जे गाव कार्डावर नव्हतं त्याचीही नोंद झाली.

माळ्यावर फर्मे होते. कॉर्निस ओढताना ओल्या चुन्यावरून सरकवायचा लाकडी साचा, पुढे पत्र्यात कापलेली आकृती. पत्रा गंजलेला, पण कड शाबूत. दात्यांच्या प्रोफाइल-गेजनं अग्रशाळेच्या कॉर्निसची आकृती घेतली आणि पत्र्यावर ठेवली. पूर्वेच्या नऊ गाळ्यांत फरक दोन मिलिमीटरांच्या आत. तेवढा तर चुन्याच्या पुढच्या रंगांचा थरच असतो. पश्चिमेच्या दोन गाळ्यांत जुळत नाही. सभामंडपावर जुळतो.

यानं गवंड्यांची टोळी सिद्ध होते, माणूस नव्हे. फर्मे वारशानं जातात, उसने दिले जातात, शिकाऊ पोर ते घेऊन दुसऱ्या गावी काम करतो. पत्रा जुळला म्हणून त्याच माणसाने कमानीचा वळसा ठरवला असं होत नाही. मजुरीची पानं, फुटांची मांडणी, पणजीचं भाडं आणि पत्रा हे चारही एकाच दिशेला जातात, तेव्हा बाईंच्या श्रेणीत ते ‘दाट शक्यता’ होतं. ‘पक्कं’ म्हणायला मेस्ताच्या हातची आखणी किंवा आखणीबद्दल पैसे दिल्याची नोंद लागली असती.

समितीपुढे

अहवाल चार पानांचा, पुराव्यांची जोडपत्रं वेगळी. समितीला हवं होतं एक नाव, ठळक अक्षरात. मिळाली ती पाच खान्यांची वाटणी: खर्च महाजनांचा, मंजुरीची सही सरकारी इंजिनियराची, नक्कल खात्यातल्या लेखनिकाची, पावणी अमक्याची, मांडणी व चुन्याचं काम मेस्त अमुक यांच्या हातचं असण्याची दाट शक्यता, पश्चिमेचे दोन गाळे नंतरचे. फलकावर ‘शक्यता’ बरी दिसत नाही, ही हरकत आली. तडजोड अशी निघाली की फलकावर मेस्ताचं नाव आणि काम यायचं, ‘आर्किटेक्ट’ हा शब्द यायचा नाही, इंजिनियराचं नाव मंजुरी देणारा म्हणून खाली यायचं, आणि पूर्ण अहवाल कचेरीत कोणालाही वाचायला ठेवायचा. इंजिनियराचं नाव साफ पुसावं असंही एकदोघांचं म्हणणं होतं. त्याला बाईंनी ठाम नकार दिला. एका विस्मृताला जागा करताना दुसरा विस्मृत घडवण्यात काही अर्थ नाही, आणि खात्यातल्या त्या नक्कल करणाऱ्याचा शोध तर अजून कोणी घेतलेलाच नाही.

शोधाचा दुरुस्तीवर परिणाम झाला तो असा. आधीच्या अंदाजपत्रकात जुना गिलावा काढून सिमेंटचा, किंवा ‘दगड सुंदर दिसतो’ म्हणून उघडा जांभा, असे दोन पर्याय होते. जांभा सच्छिद्र, सिमेंटखाली त्यातला ओलावा अडकतो आणि गिलावा पापुद्रा धरून सुटतो. उघडा ठेवला तर पावसाचा मारा थेट दगडावर. बॉं जेजूशचा गिलावा १९५० च्या दशकात पोर्तुगीज जीर्णोद्धारकानं काढला, आणि उघड्या जांभ्याची झीज हा तेव्हापासूनचा वाद आहे. नव्या अंदाजपत्रकात चुना आला: एक भाग मुरवलेला चुना, अडीच भाग धुतलेली वाळू, खालचा थर बारा ते पंधरा मिलिमीटर, वरचा तीन. काम पावसाळा संपल्यावर, भिंत कोरडी झाल्यावर. थर आठवडाभर ओला ठेवायचा.

कॉर्निससाठी मेस्ताच्या पत्र्यावरून नवा फर्मा कापून घेतला, स्टेनलेस पत्र्यात, आणि तो फक्त पूर्वेच्या नऊ गाळ्यांवर चालवायचा असं कंत्राटात लिहिलं. पश्चिमेच्या दोन गाळ्यांचं जाड कॉर्निस आहे तसंच दुरुस्त होईल. त्यासाठी वेगळा साचा, त्याच जागेवरून घेतलेला. मूळ पत्रा घराण्याकडे परत गेला. त्याची एक-ला-एक मापाची आकृती अहवालाच्या तिसऱ्या जोडपत्रात आहे, आणि कार्डांच्या पेटीत एका नव्या कप्प्याला तिचाच क्रमांक दिला आहे, पुढच्या देवळाच्या कॉर्निसवर ती ठेवून बघण्यासाठी.